खपली काढण्यापुरतं नसतं ते
'जुन्या खपल्या काढून काय मिळतं?' असं कुणी विचारलं तर ठीक, पण कॅनडातल्या आदिवासींची जखम जुनी कुठे आहे? आदिवासी मुलांची भाषा-संस्कृती पुसायला सरकार आणि चर्चनं चालवलेल्या निवासी शाळांपैकी शेवटची बंद झाली ती १९९०च्या दशकात. दीड लाखाच्या आसपास मुलं घरापासून तोडली. मायेनं जवळ घेतलं जाणं ज्यांच्या वाट्याला आलं नाही, तीच पुढे आईबाप झाली. यावरचा माहितीपट चारचौघांत दाखवायचा तर पडदा आणि प्रोजेक्टर पुरत नाही. समाजातली जाणती वडीलधारी मंडळी, समुपदेशक तिथे हवेतच. या शाळांतून गेलेल्यांच्या कहाण्या ऐकून घेणाऱ्या कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाच्या कार्यक्रमांत तर डोळे पुसलेले कागदी रुमालही कचऱ्यात न टाकता गोळा करून पवित्र अग्नीत अर्पण करत. आपले हौशी आयोजक मात्र श्रेयनामावली संपायच्या आत दिवे लावून चहा फिरवायला घेतात!