विषय: अनुदान-अर्जाचं पान – आधी पात्रता, मग फॉर्म

मंडळी, नमस्कार.

नव्या वेबसाइटचा आराखडा पाहिला. मांडणी सुटसुटीत आहे, पण ‘अर्ज करा’ हे बटण पहिल्याच पानावर नको. बडोद्याच्या संस्थेला आपल्याकडून, म्हणजे अमेरिकेतून, थेट पैसे घ्यायचे तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा भारतीय कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान 3 वर्षं जुनी हवी आणि गेल्या 3 वर्षांत मूळ कामावर 15 लाख रुपये खर्च झालेले हवेत. दांडिया बाजारातली एखादी लहान अभ्यासिका यात बसणं कठीण. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत पैसे पोचवावेत, तर 2020 च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. अख्खा फॉर्म भरून घेऊन मग नाही म्हणणं हा त्या कार्यकर्त्यांवर अन्याय आहे. हे प्रश्न सुरुवातीलाच विचारा. नकार द्यायचा तर तिथेच द्या आणि कारणही सांगा.

– छाननी समिती, बडोदा

---

ताई, पटलं. पात्रतेचं पान आधी घेतो. बँकेच्या पानावर आयएफएससीची, म्हणजे शाखेच्या कोडची, 11 अक्षरं तपासतोय. तेवढं पुरेल ना?

– वेबसाइट समिती, न्यू जर्सी

---

दादा, नाही पुरणार. परदेशी देणगी जमा होते ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात. संस्थेचा रोजचा व्यवहार मात्र रावपुऱ्यातल्या खात्यावर, म्हणून सवयीने तोच तपशील लिहिला जातो. कोड खरा असल्यामुळे तपासणीत काहीच अडत नाही आणि घोळ पैसे पाठवताना उघडा पडतो. तेव्हा ‘एसबीआयएन0000691’ आधीच भरून ठेवा. खाते क्रमांक तेवढा मागा, तोही दोनदा.

ट्रस्ट नोंदणीच्या रकान्यात नुसते आकडे चालतात, हेही बदला. इथल्या दाखल्यावर ‘एफ/1234/वडोदरा’ अशा धाटणीचा क्रमांक असतो. तिरकी रेघ घेतली नाही की लोक 1234 एवढंच लिहितात, आणि ‘ई/1234’ ही भलतीच संस्था असू शकते. रकमेतले स्वल्पविराम सिस्टिमनेच काढावेत आणि खाली ‘पाच लाख रुपये’ असं अक्षरी दाखवावं. एखादं शून्य जास्त पडलं तर लगेच दिसेल.

वर्णनाला 500 अक्षरं फार कमी. ‘क्षि’ वाचताना एक अक्षर, पण संगणक चार मोजतो: क, हलन्त, ष, वेलांटी. गुजरातीतही हेच होतं. त्यापेक्षा शब्द मोजा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुदत. 31 मार्चला इथलं आर्थिक वर्ष संपतं, त्यामुळे त्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद तेव्हा कोणाकडेच नसतो. ट्रस्टांचे ऑडिट अहवाल साधारण सप्टेंबरअखेर भरले जातात. अर्ज नोव्हेंबरात मागवा आणि मुदतीपुढे ‘भारतीय वेळेनुसार’ असं ठळक लिहा.

– छाननी समिती, बडोदा

---

30 नोव्हेंबर, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी 6 अशी मुदत टाकतो. मदतीला कोणी जागं असेल अशी वेळ हवी, मध्यरात्र नको. चाचणीचा दुवा आधी बडोद्यालाच पाठवतो. एखाद्या संस्थेच्या कार्यालयात बसून, त्यांच्याच मोबाइलवर, त्यांच्याच दाखल्यांवरून भरून पाहाल का?

– वेबसाइट समिती