मल्टिफिलामेंट स्ट्रिंग: पहिल्या तासाच्या मऊपणावर निकाल देऊ नका

बॅकहँड_स्लाइस

टेनिस रॅकेटच्या मल्टिफिलामेंट स्ट्रिंगबद्दल विचारलं की उत्तरं ठरलेली: "हाताला मस्त लागते" नाहीतर "बॉल बाहेर जातो". दोन्ही मतं ताज्या गटिंगवर (रॅकेटमध्ये नुकत्याच भरलेल्या स्ट्रिंगवर) तासभर खेळून बनलेली असतात. मला ही परीक्षाच मान्य नाही. ही स्ट्रिंग कशी आहे ते सहाव्या ते बाराव्या तासात कळतं.

आत असतात नायलॉनचे शेकडो, कधी हजाराच्या वर बारीक तंतू. ते पीळ देऊन एकत्र चिकटवलेले असतात, बऱ्याच स्ट्रिंगमध्ये पॉलियुरेथेनने, आणि वरून लेप. टेक्निफायबर एक्स-वन बायफेज, विल्सन एनएक्सटी, हेड व्हेलॉसिटी ही त्यातली माहितीची नावं. बॉल आदळला की ही स्ट्रिंग पॉलिएस्टरपेक्षा जास्त ताणली जाते, म्हणून धक्का कोपरापर्यंत कमी जातो. हा गुण पहिल्या फटक्यालाच कळतो. त्यासाठी परीक्षा नको. परीक्षा हवी ती हा गुण टेन्शनसकट (स्ट्रिंगच्या ताणासकट) किती तास टिकतो याची.

एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट घ्या, वजन आणि बॅलन्स जुळवलेल्या, १६x१९ पॅटर्नच्या (१६ उभ्या, १९ आडव्या स्ट्रिंग). एकीत १.३० मिमीची मल्टि ५५ पौंडांवर, दुसरीत जिच्याशी तुलना करायची ती. गटिंग झाल्यावर २४ तास हात लावू नका, कारण टेन्शन सगळ्यात वेगाने उतरतं ते पहिल्याच दिवसात. मग डॅम्पनर (स्ट्रिंगचं कंपन दाबणारा रबरी तुकडा) काढून, दर वेळी त्याच जागी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ठोका द्या आणि मोबाइलवर आवाजाची फ्रिक्वेन्सी मोजा. दर दोन तासांच्या खेळानंतर पुन्हा मोजा.

आकडा वाचताना मात्र जपून. टेन्शन हे फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. ६०० हर्ट्झचे ५७० झाले तर घट ५ टक्केच दिसते, पण टेन्शन जवळजवळ १० टक्के गेलेलं असतं. म्हणजे ५५ पौंड पन्नासाच्या खाली आले.

टॉपस्पिन_तडका

मोजमापाची पद्धत चोख आहे, पण तुम्ही मोजताय तेच चुकीचं. माझ्या लेखी मल्टिचा शेवट टेन्शन उतरल्याने होत नाही, मेन्स (उभ्या स्ट्रिंग) अडकल्याने होतो.

पॉलिएस्टर गुळगुळीत आणि कडक. टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने फिरवणारा फटका) मारताना मेन्स बाजूला सरकतात आणि बॉल सुटायच्या आत झटक्याने जागेवर येतात. त्या झटक्यातून स्पिन वाढतो. मल्टिवरचा लेप जिथे घासून जातो तिथे मऊ तंतू उघडे पडतात, मेन आणि क्रॉस (आडवी स्ट्रिंग) एकमेकांत रुततात, खाच पडते. मग मेन सरकलेली तशीच राहते. रॅलीनंतर रॅकेट नुसती बघा: मधल्या सहा मेन्स वाकड्या झाल्यात आणि प्रत्येक पॉइंटनंतर बोटांनी सरळ कराव्या लागतायत? तर फ्रिक्वेन्सी काहीही म्हणो, स्ट्रिंग संपली. वेस्टर्न ग्रिपने (टॉपस्पिनला सोयीच्या पकडीने) जोरात घासून मारणाऱ्याच्या हातात ही वेळ तीन-चार तासांतही येते. तुमच्या बारा तासांतले पुढचे आठ तास तो काय करणार?

क्लॅम्प_आणि_कटर

दोघांच्याही परीक्षेत एक गोष्ट गृहीत धरली आहे, की गटिंग नीट झालंय. मल्टिच्या माथी मारले जाणारे निम्मे दोष गटिंगच्या मशीनवर तयार होतात.

क्लॅम्प (मशीनवर स्ट्रिंग धरून ठेवणारा चिमटा) जास्त आवळला की लेप चिरडतो आणि तिथूनच तंतू सुटायला लागतात. सैल ठेवला तर स्ट्रिंग घसरते आणि लेप सोलला जातो. म्हणजे दोन्हीकडून नुकसान, म्हणून स्ट्रिंग घसरणार नाही इतपतच दाब ठेवायचा. दुसरं, क्रॉस ओढताना घाई. नायलॉन नायलॉनवर भरभर घासलं की उष्णतेने मेनवर चर पडतो, आणि आठवड्याने स्ट्रिंग नेमकी तिथेच तुटते. क्रॉस ओढताना ती वरखाली हलवत न्यायची, म्हणजे एकाच बिंदूवर घासत नाही.

टोकाचं तर विचारूच नका. सरळ कापलेलं टोक तिसऱ्या-चौथ्या ग्रोमेटमध्येच (फ्रेमच्या भोकातल्या प्लास्टिकच्या नळीत) झाडूसारखं पिंजारतं, मग भोकातून जातच नाही आणि माणूस पकडीने खेचत बसतो. टोक तिरपं, लांब कापायचं. पिंजारलं की लगेच दोन सेंटिमीटर छाटून नवं टोक काढायचं.

आणि तुमचे ५५ पौंड कुठल्या मशीनचे? हँडलच्या लॉकआउट मशीनवर ओढ ठरल्या आकड्याला पोचली की थांबते, स्ट्रिंग मात्र सैलावत राहते. कॉन्स्टंट पुल मशीन ती सैल भरून काढत ओढतच राहतं. मल्टि जास्त ताणली जाते, म्हणून हा फरक तिच्यात चांगलाच जाणवतो. दोन रॅकेट दोन मशीनवर भरल्या असतील तर तुलना तिथेच बाद.

लाल_माती

कोर्ट कुठलं ते कोणीच लिहिलं नाही. क्ले कोर्टवर मातीचे कण मेन-क्रॉसच्या सांध्यात बसतात आणि कानशीसारखे घासतात. हार्ड कोर्टवरचे तास तिथे लागू होत नाहीत. शिवाय नायलॉन हवेतली ओल शोषतं. मुंबई-कोकणातल्या जुलैच्या हवेत पडून असलेल्या रॅकेटचं टेन्शन न खेळताही उतरतं. तुलना करायचीच तर दोन्ही रॅकेट एकाच बॅगेत, एकाच कोर्टवर, एकाच आठवड्यात. खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याने सांधे पुसायचे, एवढं तरी करा.

बॅकहँड_स्लाइस

मशीन आणि कोर्टचा मुद्दा पूर्ण मान्य. माझ्या मांडणीत ती उणीव होती.

तडका, मेन्स अडकण्याचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण ते एका प्रकारच्या खेळाचं आहे. सपाट मारणारा, स्लाइस आणि व्हॉलीवर जगणारा डबल्सचा खेळाडू मेन्स फार सरकवतच नाही. १८x२० पॅटर्नमध्ये तर त्या आणखी कमी हलतात. अशा हातात टेन्शन हाच पहिला निकष राहतो. कोपर दुखणाऱ्याला चार तासांत मेन्स वाकतात म्हणून पॉलिएस्टर द्यायचं, हे मला अजिबात पटत नाही.

टॉपस्पिन_तडका

कोपर दुखत असेल तर पॉलिएस्टर नको, यावर वाद नाही. पण मऊपणा ठेवून मेन्स मोकळ्या ठेवायचा रस्ता आहे: हायब्रिड, म्हणजे मेन्सला एक आणि क्रॉसला दुसरी स्ट्रिंग. फेडररने वर्षानुवर्षं मेन्सला नैसर्गिक गट (जनावराच्या आतड्याची स्ट्रिंग) आणि क्रॉसला ल्युक्सिलॉन अल्यू पॉवर रफ ही पॉलिएस्टर वापरली. त्याच धर्तीवर मेन्सला मल्टि, क्रॉसला गोल, गुळगुळीत पॉलिएस्टर. मल्टि निसरड्या क्रॉसवरून सरकून परत येते. कडा असलेली पॉलिएस्टर मात्र चुकूनही नको, ती मल्टि कापते. उलट जोडी, म्हणजे मेन्सला पॉलिएस्टर आणि क्रॉसला मल्टि, स्पिन देईल, पण हाताला लागणारा मऊपणा मुख्यतः मेन्सवरून ठरतो, तो बराचसा जातो.

बॅकहँड_स्लाइस

हे करून बघण्यासारखं आहे. टेन्शन दोन्हीला सारखंच?

क्लॅम्प_आणि_कटर

नाही. मल्टि ५५ वर असेल तर पॉलिएस्टर ५१ ते ५३, नाहीतर जाळी कडक होते. पॉलिएस्टरला प्रीस्ट्रेच (भरण्याआधी ओढून ताणणं) नको. १२.२ मीटरचा सेट (एका रॅकेटपुरती स्ट्रिंग) मधोमध कापलात तर प्रत्येकी ६.१ मीटर मिळतात. रॅकेटचं हेड १०० चौरस इंचांहून मोठं असेल तर कापायच्या आधी मेन्सची लांबी मोजा. शेवटच्या मेनला मशीनच्या टेन्शन हेडपर्यंत (स्ट्रिंग ओढणाऱ्या भागापर्यंत) पोचायला टोक कमी पडलं तर सेट वाया जातो.