संत्र्याच्या झाडातील पाण्याची स्थिती मोजण्याबाबत मदत हवी आहे (ठिबक आणि दुहेरी आळे यांची तुलना)

नमस्कार. मोर्शी तालुक्यातील भारी काळ्या जमिनीत, रंगपूर लाईमच्या खुंटावर बांधलेल्या नागपुरी संत्र्याच्या बागेत पदव्युत्तर प्रबंधासाठी काम करत आहे. दुहेरी आळे (खोडाभोवती एकात एक दोन गोल आळी करून बाहेरच्यात पाणी देणे), झाडाच्या दोन्ही बाजूंनी ठिबकच्या नळ्या, आणि आलटून पालटून एकाच बाजूच्या मुळांना ओलित अशा तीन पद्धतींमध्ये झाडाला प्रत्यक्षात किती पाणी मिळते, हे मला झाडावरूनच मोजायचे आहे. केवळ जमिनीतील ओलीवर विसंबून चालणार नाही, कारण टेन्शिओमीटर (माती पाणी किती जोराने धरून ठेवते हे मोजणारे उपकरण) साधारण 80 किलोपास्कलपर्यंतच चालतो आणि आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या अखेरच्या फुलोऱ्यासाठी) बाग ताणावर सोडली, म्हणजे पाणी तोडले, की जमिनीला भेगा पडून त्याच्या सच्छिद्र टोकाभोवतीची माती सुटते. ज्या दिवसांत आकडा हवा असतो, नेमक्या त्याच दिवसांत तो मिळत नाही.

म्हणून प्रेशर चेंबर (तोडलेले पान बंद पात्रात ठेवून, देठाच्या टोकाशी रस येईपर्यंत वायूचा दाब देणारे उपकरण) वापरण्याचे ठरवले आहे, पण वेळ कोणती धरावी हा मुख्य प्रश्न आहे. पहाटेचे जलविभव (झाडातील पाणी किती ओढीखाली आहे याचे माप) सर्वांत स्थिर मानले जाते. मात्र ठिबकाखाली मुळांचा काहीच भाग ओला असतो, आणि रात्रभरात झाड त्या ओल्या भागाशीच समतोल साधते. त्यामुळे उरलेली मुळे कोरडी असूनही झाड समाधानी दिसेल आणि ठिबक व आळे यांची तुलना एकतर्फी होईल, अशी मला शंका आहे. दुपारी उघड्या पानावर मोजावे, तर कोरड्या हवेत संत्र्याची पर्णरंध्रे लवकर मिटतात आणि पद्धतींमधला फरक झाकला जातो. यावर उपाय म्हणून खोडाजवळचे, सावलीतले पान प्लॅस्टिक व ॲल्युमिनियमच्या पिशवीत किमान तासभर आधी बांधून दुपारी मोजावे, असे मला योग्य वाटते, कारण अशा पानाचे जलविभव खोडाच्या जवळपास येते.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. संत्र्याच्या पानाचा देठ आखूड असल्याने तो रबरी सीलमधून जेमतेम बाहेर येतो, आणि वायूचा दाब वाढवताना कापलेल्या टोकावर आधी बारीक बुडबुडे दिसतात, मग ओलसर चकाकी येते. वाचन कोणत्या क्षणी घ्यावे? पानाऐवजी तीन-चार पानांची कोवळी नसलेली डहाळी घेतली तर चालेल का, की त्यामुळे इतरांच्या आकड्यांशी तुलनाच करता येणार नाही?

पडताळणीसाठी पानातील सापेक्ष जलांशही (पूर्ण फुगलेल्या पानाच्या तुलनेत पानात किती टक्के पाणी आहे) काढणार आहे. ताजे, पूर्ण फुगलेले आणि वाळवलेले अशी तीन वजने घेणे सोपे आहे, पण सौम्य ताणात हा आकडा फारसा हलत नाही, म्हणून त्यावर निष्कर्ष बेतण्याची माझी तयारी नाही.

काळ्या जमिनीतील संत्रा किंवा मोसंबीवर ज्यांनी असे मोजमाप केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: ताण तोडताना (पुन्हा पाणी सुरू करताना) खोडाचे जलविभव किती मेगापास्कलवर होते, आणि त्या वेळी पाने नुसती मलूल झाली होती की गळायलाही लागली होती?