मदत हवी आहे: गणेश मंडळातल्या नववी ते बारावीच्या मुलांना खरी जबाबदारी कशी द्यावी?

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मंडळात पंचवीसेक मुलं-मुली आहेत. उत्सवात राबतात सगळी, पण निर्णय मोठेच घेतात. ही मुलं उद्या ग्रामसभेत उभी राहून बोलावीत, असं मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी सजावट पूर्ण त्यांच्याकडे सोपवली. दोन बोलकी मुलं पुढे झाली, बाकीची त्यांचं ऐकत राहिली. मग दर आठवड्याला प्रमुख बदलला. तरी अडचण आली की सगळे त्या दोघांकडेच जायचे. बैठक रात्रीऐवजी रविवारी सकाळी घेतल्यावर मुली येऊ लागल्या, हा बदल मात्र टिकला.

एनएसएसचा, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचा, दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचं शिबिर हा साचा माहीत आहे, पण निम्मी मुलं अजून शाळेतच आहेत. बाहेरचे प्रशिक्षक परवडणार नाहीत. दहावी-बारावीमुळे जानेवारी ते मार्च काही ठेवता येत नाही.

आता वाचनालयासाठी पाच हजार रुपये त्यांच्या हाती द्यायचा विचार आहे. बँकेचे व्यवहार मोठेच बघतील, पण काय घ्यायचं ते मुलं ठरवतील आणि हिशेबही तीच मांडतील. असं कुणी केलंय का? मोठ्यांनी नेमकं कुठे थांबायचं, आणि गप्प राहणाऱ्या मुलांच्या हाती पहिलं काम कोणतं द्यायचं?