यादी, सूची की जंत्री? वेबपानावरच्या 'लिस्ट'ला काय म्हणावं?

देवगड: वेबपानं शिकवायच्या मराठी टिपणांसाठी एचटीएमएल या वेबपान लिहायच्या भाषेतल्या ओएल, यूएल, डीएल या याद्यांच्या टॅगांना (खुणांना) शब्द हवेत. अनुक्रमे 'क्रमित सूची, अक्रमित सूची, परिभाषा सूची' हे शब्द मुलांच्या तोंडी बसत नाहीत.

दापोली: यादीच म्हणा. सूची म्हटलं की पुस्तकाच्या शेवटची अकारविल्हे सूची आठवते, जंत्री म्हणजे दरांचं कोष्टक. ओएल ही 'क्रमवार यादी'. 'अक्रमित' मात्र नकोच. यूएलमधल्या ओळीही लिहिल्या त्याच क्रमाने दिसतात, फक्त त्या खालीवर केल्याने अर्थ बदलत नाही. बाजाराच्या यादीत नारळ आधी की मिरच्या, काय फरक पडतो? म्हणून 'साधी यादी'. 'ठिपक्यांची यादी' हेही फसवं. ठिपके सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने) काढून टाकले तरी यादी तीच राहते.

आमसुलांची कृती मात्र ओएलमध्येच. रातांबे फोडा, बिया-गर वेगळा करा, साली रसात बुडवा, उन्हात घाला, पुन्हा रसात बुडवा. इथे ओळी हलवल्या तर कृतीच बिघडली.

वेंगुर्ले: डीएलला १९९९च्या एचटीएमएल ४.०१मध्ये 'डेफिनिशन लिस्ट' म्हणत, एचटीएमएल ५मध्ये ती 'डिस्क्रिप्शन लिस्ट' झाली. तेव्हा 'परिभाषा' आता तोकडं पडतं. 'जोडयादी' कसं वाटतं? तिच्यातल्या डीटी या टॅगात नाव, डीडी या टॅगात माहिती. एका माहितीला दोन नावं चालतात आणि आपल्याकडे ती लागतातच: डीटी आमसूल, डीटी सोल, खाली एकच डीडी, 'रातांब्याची वाळवलेली साल'.

देवगड: 'जोडयादी' घेतला. कृतीत मध्ये फोटो टाकला की आकडे पुन्हा १पासून का सुरू होतात?

दापोली: फोटोसाठी ओएल बंद करून खाली दुसरी उघडली असणार. फोटो त्या पायरीच्या एलआयमध्येच (यादीतल्या एका मुद्द्याच्या टॅगमध्येच) ठेवा. यादी तोडणं भागच असेल तर दुसऱ्या ओएलला स्टार्ट (कितीपासून मोजायचं ते सांगणारा गुणधर्म) लावा, पण त्यातला आकडा इंग्रजीच हवा. देवनागरी ४ लिहिलात तर ब्राउझर तो जुमानत नाही, १वरच येतो. पानावर देवनागरी आकडे दिसायला हवेत तर सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल-टाइपला 'देवनागरी' द्या, अर्थात रोमन अक्षरांत. ओळीत हाताने आकडे टाइप करू नका, दुहेरी दिसतात.

वेंगुर्ले: आणखी एक शब्द नोंदवून ठेवा, 'पोटयादी', म्हणजे एखाद्या मुद्द्याखालची यादी. नावाप्रमाणे ती एलआयच्या पोटातच हवी, म्हणजे एलआय बंद करण्याआधी. बंद केल्यावर लिहिली तर दिसायला ठीक दिसते, पण ती कुठल्या मुद्द्याखालची हे कोडमध्ये उरत नाही.