मदत हवी आहे: मेंढीच्या कातड्याची लोकर गळतेय
लोकरीसकट मेंढीचं कातडं कमावून बसायला आसन करायचंय. पहिलाच प्रयत्न. आतली चरबी बोथट सुरीने खरवडली, कातड्याच्या वजनाइतकं जाडं मीठ चोळलं, दुसऱ्या दिवशी ओलं झालेलं झटकून नवं लावलं. पाठीचा भाग मस्त आहे. पण पोटाकडे चिमटीत धरलं की लोकरीचा झुबका मुळासकट हातात येतो, आत हिरवट छटा आणि वासही. सोलल्यावर चार-पाच तास तसंच गुंडाळून ठेवलं होतं, तिथेच माती खाल्ली बहुतेक! आता तुरटी-मिठाच्या पाण्यात घातलं तर गळती थांबेल, की तेवढा भाग कापूनच टाकू? आणि तुरटीने कमावलेलं कातडं नंतर धुतलं तर तुरटी निघून ते पुन्हा कडक होतं ना? मग लोकर आत्ताच धुऊन घेऊ का?