मदत हवी आहे : बाळंतपणात सुईणीला सोबत कशी ठेवता येईल?

मी मेळघाटात, धारणी तालुक्यातील एका गावात आशा म्हणून काम करते. येथील एका कोरकू भगिनीची दुसरी प्रसूती ऐन श्रावणात अपेक्षित असून, पहिल्या वेळी वार पडल्यावर बराच रक्तस्राव झाल्यामुळे आणि आताही हिमोग्लोबिन ८.२ असल्यामुळे घरी बाळंतपण धोक्याचे आहे. शिवाय नाल्याला पूर आला की १०२ ची गाडी गावात येऊ शकत नाही. जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये, मोफत औषधे, मोठ्या मुलासह माहेरघरात (आरोग्य केंद्रातील गरोदर स्त्रियांच्या निवासात) आधीच येऊन राहण्याची सोय, हे सारे सांगून झाले. सासूचीही संमती आहे. अडते ते एवढ्यावरच, की अनोळखी माणसांत टेबलावर उताणे निजणे तिला नको आहे आणि पाठ चोळून देणारी सुईण जवळ हवी आहे. (मला तरी ही मागणी अवाजवी वाटत नाही.)

केंद्र शासनाने २०१६ साली सरकारी प्रसूतिगृहात एका स्त्री नातेवाईकाला सोबत राहण्यास मान्यता दिली आहे. ही सुईण तिची चुलत मामी लागते, तरी आमच्याकडे ‘सुईण नको’ असेच तोंडी सांगितले जाते. आपल्यापैकी कोणी सुईणीला अशी सोबत बसू दिली असल्यास परवानगी कोणाकडून व कोणत्या शब्दांत मागितली, आणि उकिडवे बसून कळा देऊ देण्यास परिचारिका कशा तयार झाल्या?